घर गहाण ठेवून पायलट व्हायचं का? डिचोलीच्या एका घरातली गोष्ट

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे फोंड्याला सल्ला विचारायला जे पालक येतात त्यातले दोन-तीन तरी हल्ली हाच प्रश्न घेऊन येतात, मुलाला नाहीतर मुलीला पायलट व्हायचंय, फी पन्नास लाखाच्या आसपास सांगतायत, बँक तारण मागतेय, मॅडम काय करू? जानेवारी २०२३ मध्ये गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून हे जरा जास्तच झालंय असं मला वाटतं, पेडणे-डिचोलीकडच्या पोरांच्या डोक्यावरून आता रोज विमानं जातात, साहजिकच आहे.

त्यातल्या एका घराचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला आपण बाय म्हणूया, घरात तिला तेच म्हणतात.

बायचे बाबा पूर्वी खाणीवर ट्रकवाले. २०१० मध्ये दोन टिपर घेतले होते कर्ज काढून. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग मध्ये थोड्या सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत बंद, आणि डिचोली-सत्तरी-सांग्यातल्या माणसाला पुढचं सांगायला लागत नाही, किती घरांसमोर ट्रक उभ्या उभ्या गंजले ते सगळ्यांनी बघितलंय. आता ते एअरलाईनच्या क्रूला हॉटेलवरून विमानतळावर सोडायची गाडी चालवतात. बायच्या डोक्यात हे आलं ते तिथूनच. बाबा रात्री जेवताना सांगायचे, आज एक पोरगी सोडली, बायपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, खांद्यावर पायलटच्या तीन पट्ट्या.

पहिल्या दिवशी तिघंही आले. बाबाच बोलत होते, बाय खाली मान घालून, आई मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून. बाबा म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला फक्त एवढंच सांगा, या लाईनीत स्कोप आहे काय नाही? आहे म्हणालात तर उद्याच बँकेत जातो."

मी त्यांना विचारलं, तुम्ही ट्रक घेतले तेव्हा स्कोप होता काय?

ते गप्प झाले. मग म्हणाले, "तेव्हा तर स्कोपच स्कोप होता. माल चीनला जायचा, रांग संपायची नाही."

मला त्यांना दुखवायचं नव्हतं, पण हा माणूस जे स्वतःच्या अंगावर शिकलाय ते मुलीच्या बाबतीत विसरायला बघतोय असं मला दिसत होतं. स्कोप आहे, खोटं कशाला बोलू. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, ती चालवायला माणसं लागणारच. पण त्याच २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टची विमानं जमिनीवर बसली, त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये जेट, त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर, आणि कोविडमध्ये मार्च २०२० च्या शेवटापासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं उडालीच नाहीत. एक कंपनी बंद पडली की हजार-हजार तास उडालेले पायलट त्याच बाजारात नोकरी शोधायला येतात आणि नुकतं लायसन्स मिळालेला दोनशे तासवाला रांगेत त्यांच्या मागे जातो. धंदा चांगला असतो आणि तरी तुमच्या पोराची वेळ वाईट असू शकते, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. म्हणून मी पालकांना सांगते, स्कोप आहे का हे विचारू नका, लायसन्स हातात आल्यावर दोन वर्षं नोकरी नाही लागली तर हप्ता कोण भरणार आणि कशातून, ते विचारा.

मग वही काढली. विमान शिकवणाऱ्या शाळेने फी सांगितली होती ५२ लाख. बाबांना वाटत होतं ५२ म्हणजे ५२. मी लिहीत गेले: हॉस्टेल आणि जेवण, परीक्षा आणि त्यांचे क्लास, मेडिकल, आणि मुख्य म्हणजे टाईप रेटिंग. हे पालकांना बहुतेक वेळा कुणी नीट सांगतच नाही. सीपीएल म्हणजे कमर्शियल लायसन्स मिळतं ते छोट्या विमानावर, दोनशे तास उडून. ए३२० सारखं मोठं विमान चालवायला त्याचं वेगळं ट्रेनिंग लागतं आणि ते पुष्कळदा स्वतःच्याच खिशातून, पंधरा-वीस लाख तिथे जातात. बेरीज पाऊण कोटीकडे गेली तेव्हा आईने पहिल्यांदा मान वर केली.

५० लाख कर्ज, व्याज साडेदहा टक्के धरलं, १५ वर्षं, तर हप्ता साधारण ५५ हजार येतो. बाबांची गाडी आणि आईचा अंगणवाडीतला पगार मिळून घरात तेवढेच येतात. एज्युकेशन लोनमध्ये शिकत असताना हप्ता नसतो, कोर्स आणि त्यावर वर्षभर सवलत असते, पण व्याज थांबत नाही, ५० लाख पूर्ण उचलल्यावर महिन्याला जवळजवळ ४४ हजार नुसतं व्याज चढतं. शाळा म्हणते दीड वर्षात कोर्स होतो. माझ्याकडे येऊन गेलेल्या मुलांना अडीच-तीन वर्षंही लागलीत, कधी विमान दुरुस्तीला, कधी इन्स्ट्रक्टर सोडून गेला, आणि पावसाळ्याचं तर विचारूच नका. नोकरीची वाट बघतानाही खर्च थांबत नाही, दर वर्षी मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर दिसत नसताना नुसत्या यंत्रांवर विमान चालवायची परवानगी, चालू ठेवायचं तर परत उडायचं आणि परत पैसे.

बाबा म्हणाले, "म्हणजे परत टिपर." मी म्हटलं, नाही, टिपर विकता तरी आला, पडेल भावात का होईना. लायसन्स विकता येत नाही.

आता घराचं. साडेसात लाखाच्या वर एज्युकेशन लोनला बँका साधारणपणे तारण मागतातच. घर आजोबांच्या नावावर, काकांचा वाटा त्यात, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची कायदेशीर वाटणी, कधी केलेलीच नाही. बाबा धरून चालले होते की भाऊ सही देईल, बायकोची तर काय, ती देणारच. पण आपल्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची मिळून असते, गहाण टाकायचं तर तिचीही सही लागते, आणि इथे काकीचीसुद्धा. कायद्याने लागते म्हणून ती मागतात, तिचं मत काय ते कोण विचारतंय. मी आईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही मॅडम. सही कुठे करायची तेवढं सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "घर नको. दीर-जावेशी आयुष्य काढायचंय. माझ्या माहेरचा माझ्या वाट्याला आलेला प्लॉट आहे साखळीला, तो ठेवा." खरं म्हणजे कायद्याने तो प्लॉटही दोघांचाच, पण ते बोलणं तिचं होतं, आणि त्यानंतर बाबा तिच्याकडे वळून बोलायला लागले, तोवर ते माझ्याशीच बोलत होते.

पुढच्या आठवड्यात मी बायला एकटीला बोलावलं. हे मी नेहमीच करते, आईबाप समोर असताना मूल खरं बोलत नाही, यात त्यांचा दोष नसतो. मला वाटलेलं ती म्हणेल मला पायलटच व्हायचंय. ती म्हणाली, "मला व्हायचंय. पण घर ठेवलं आणि मला मध्येच नाही जमलं, भीती वाटली, मेडिकलमध्ये काही निघालं, तर मी कुणाला सांगू? पप्पा ट्रकबद्दल अजून रात्री उठून बसतात." आणि रडायला लागली.

हे ऐकून मी त्या रात्री नीट झोपले नाही, कारण मला वाटतं सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. एवढं कर्ज काढल्यावर मुलाला नको म्हणायची सोय राहत नाही. आपण म्हणतो तुझ्यासाठी सगळं पणाला लावलं, आणि त्याच वाक्याने त्याचं तोंड बंद करतो. उडायला शिकताना तर भीती वाटली हे सांगता यायलाच हवं, तिथे गप्प बसणं जिवावर बेततं.

मग तिघांना बसवून एक कागद केला. वकिलाचा नाही, साधाच, तिघांच्या सह्यांचा. त्यावर पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर थांबायची मुभा, आणि थांबली तर घरात कुणी, अगदी आजीनेसुद्धा, बोलायचं नाही.

पहिलं मेडिकल. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे आधी क्लास २, मग त्यांनी ठरवलेल्या केंद्रावर क्लास १, जे कमर्शियल लायसन्सला लागतं, आणि हे एक रुपयाही फी भरायच्या आधी. मी हे जीव तोडून सांगते कारण दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला तो शाळेला पाच लाख भरून, मग रंग ओळखण्यात दोष निघाला, पैसे परत मिळवताना त्याच्या वडिलांच्या चपला झिजल्या. दुसरं पेपर. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येकाला शंभरात सत्तर लागतात, आणि हे विमानात बसायच्या आधी देता येतात. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी झालेल्या मुलाला स्वतःला तपासून बघायची ही सगळ्यात स्वस्त जागा आहे, क्लास लावला तरी दोन-तीन लाखात कळतं की आपल्याला हे वाचायला आवडतंय की नुसत्या पट्ट्या आवडल्यात. पेपरांनाही मुदत असते, तेव्हा ते देऊन वर्षानुवर्षं बसता येत नाही हे लक्षात ठेवायचं. तोपर्यंत बाय बीएस्सीचं कॉलेज सोडणार नाही.

तिसरी पायरी शाळा. जाहिरात बघून नाही, जाऊन. धुळे, बारामती, गोंदिया, कुठेही जा, पण दोन दिवस राहा आणि सकाळी धावपट्टीच्या बाजूला उभं राहून मोजा, शाळा म्हणते विमानं बारा, त्यातली खरोखर उडतात किती. आधीच्या बॅचच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा, गेल्या महिन्यात किती तास झाले. आणि फी एकदम भरायची नाही, कितीही डिस्काउंट दिला तरी, तास होतील तसे टप्प्याने.

पैशाचं असं ठरलं. घर नाही. प्लॉटवर ३० लाख, त्याच हिशेबाने हप्ता ३३ हजाराच्या आसपास, शिकताना व्याज दर महिन्याला भरत जायचं म्हणजे डोंगर होणार नाही. साठवलेले २० लाख होते त्यातले १२ फीला. उरलेले ८ वेगळ्या एफडीत, म्हणजे नोकरी नसली तरी दोन वर्षांचे हप्ते, त्याला हात लावायचा नाही. दुबईचा मामा सहा लाख बिनव्याजी देतो म्हणाला. एफडीतले ८ सोडून सगळे मिळून ४८, तेवढ्यात बसणारीच शाळा बघायची, ५२ वाली नाही. टाईप रेटिंगचं आत्ता ठरवायचं नाही, ती पुढची पायरी, लायसन्स आल्यावर बाजार बघून. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिची मर्यादा पायलटच्या फीपुढे लहान असली तरी आपला कोर्स त्यात बसतो का ते आधी विचारून या असंही सांगितलं, बिनव्याजी एक लाखसुद्धा सोडू नये. आणि कर्जाएवढा विमा बाबांच्या नावावर. हे बोलायला जड जातं पण बोललंच पाहिजे.

सगळ्यांना हेच गणित लागू पडेल असं नाही. ज्यांच्याकडे दोन-दोन फ्लॅट भाड्याने आहेत त्यांनी एवढं घाबरायचं कारण नाही, आणि ज्यांच्याकडे राहत्या घराशिवाय काहीच नाही त्यांना मी स्पष्ट सांगते, आत्ता नको, आधी पदवी, नोकरी, थोडी शिल्लक, मग बघू, अठरा पूर्ण झाली म्हणून गाडी सुटत नाही, पंचविशीतही सीपीएल करतात लोक. एका बाबांना हे सांगितलं तर ते रागावून गेले. त्याचं मला वाईट वाटलं पण मी तेच परत सांगेन.

बायचं मेडिकल दोन्ही क्लिअर झालं. रेग्युलेशन्स आणि मेटिऑरॉलॉजी पहिल्या फटक्यात. नेव्हिगेशनला ६१ पडले आणि त्या संध्याकाळी तिने घरी सांगितलं, लपवलं नाही, बाबा काही बोलले नाहीत, गाडी काढून तिला नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळात घेऊन गेले आणि येताना भजी खाऊन आले. दुसऱ्यांदा ७८.

परवा आईंचा फोन आला. पाऊस ओसरला की शाळा बघायला निघतायत, बाबांना ड्युटी आहे म्हणून त्या आणि बाय दोघीच. मला म्हणाल्या, "मॅडम, सकाळी किती वाजता उभं राहायचं मोजायला? मी वही घेतलीय."