दुखतंय, की जोर गेलाय?

या महिन्यात खांद्याच्या तक्रारींची पत्रं खूप आली. त्यांतली तीन निवडली आहेत. तिघांचाही हात पूर्वीसारखा चालत नाही, पण तिघांची कारणं निराळी असल्याने उत्तरंही निराळी आहेत.

प्रश्न : मॅडम, माझं वय ३४, सांगलीत राहतो, बँकेत नोकरी. दीड वर्ष संध्याकाळी जिमला जातोय. बेंच प्रेस ७० किलोपर्यंत नेला होता. दोन महिन्यांपासून उजवा खांदा बाहेरच्या अंगाला दुखतो. डंबेल डोक्यावर नेताना मधेच कळ येते आणि हातातलं बळच जातं. एका हाताने १५ किलो मारायचो, आता ८ किलो जात नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही. तीन आठवडे जिम बंद ठेवली तर बरं वाटलं, परत गेलो त्याच रात्री दुखणं सुरू. एमआरआयमध्ये 'सुप्रास्पायनॅटस टेंडनला अर्धवट फाट' असं आलंय. एक डॉक्टर म्हणाले, जिम कायमची सोडा. ट्रेनर म्हणतो, मारत राहा, मोकळं होईल. आणखी एकांनी दुर्बिणीतून हाड घासून घ्यायला सांगितलं. कुणाचं ऐकू?

उत्तर : तूर्त तिघांचंही बाजूला ठेवा. तुमच्या पत्रावरून एक गोष्ट कुणी तपासलेली दिसत नाही, ती आधी तपासू. तुमच्या खांद्यातला जोर खरोखर गेलाय, की दुखतं म्हणून लागत नाही?

सांधा दुखत असला की त्याच्याभोवतीच्या स्नायूंना मज्जासंस्था पूर्ण जोर लावू देत नाही. कितीही दात-ओठ खाल्ले तरी कळ आली की पकड सुटते. त्यामुळे माणूस घाबरतो, आतून काहीतरी तुटलं असं वाटतं. प्रत्यक्षात स्नायू जागेवर असतो, त्याला काम करू दिलं जात नाही. दुखणं उतरलं की हा जोर परत येतो. तुम्हाला तीन आठवडे बरं वाटलं तेव्हा भरलेली बादली उचलताना, दार ढकलताना हात नेहमीसारखा चालला का, ते आठवून बघा.

घरी करून बघण्यासारखी तपासणी सांगते. कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा. मनगटाची बाहेरची बाजू दाराच्या चौकटीला लावा आणि बाहेरच्या दिशेने दाबा, हिसका न देता हळूहळू जोर वाढवत पाच सेकंद. मग डाव्या हाताने तेच करा. या स्थितीत खांद्याला फारशी कळ येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण सारखाच जोर लागला तर मोठी फाट असण्याची शक्यता बरीच कमी होते. उजवा हात न दुखताही ढेपाळत असेल, दंडाला किंवा बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल, तर पुढचं काही करू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मानेतून निघणारी पाचवी नस दबली तरी हात बाजूने वर उचलण्याचा जोर जातो, आणि ते दुखणं लोक खांद्याचंच समजतात.

तुम्ही लिहिलेली बाकीची लक्षणं मात्र ओळखीची आहेत. हात वर नेताना मधल्या टप्प्यात कळ, त्या कुशीवर झोपल्यावर दुखणं, विश्रांतीने उतरणं, जुन्या वजनाला परतताच उसळणं. हे बहुतेक वेळा टेंडनला झेपेल त्याहून जास्त काम पडल्याचं लक्षण असतं. टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जिथे चिकटतो तो चिवट पट्टा. खांद्याची वाटी उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात मधोमध धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात, त्यांनाच रोटेटर कफ म्हणतात. सुप्रास्पायनॅटस त्यांपैकी एक. छातीचे आणि खांद्यावरचे मोठे स्नायू वर्षभरात दणदणीत होतात, हे चौघे आणि त्यांचे टेंडन मागे राहतात.

आता एमआरआयचं. 'फाट' हा शब्द वाचून झोप उडते, मला कल्पना आहे. पण १९९५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, खांदा अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले होते. साठीच्या पुढच्या मंडळींत निम्म्याहून अधिक जणांना छोटी-मोठी फाट निघाली. तुमच्या वयात हे प्रमाण कितीतरी कमी असतं, तरीही फाट दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. अर्धवट फाट असलेले कितीतरी लोक व्यायामाने पूर्ववत वजनं मारतात.

हाड घासण्याची शस्त्रक्रिया १९७२ पासून, चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनने टेंडन वरच्या हाडाला घासतं अशी मांडणी केल्यानंतर, फार पसरली. २०१८ साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात काही रुग्णांचं हाड खरोखर घासलं, काहींच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर शस्त्रक्रियाच केली नाही. खरी शस्त्रक्रिया झालेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्या दुखण्यात काही फरक पडला नाही. शस्त्रक्रियाच न झालेल्यांपेक्षा ते थोडे बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवावा एवढा मोठा नव्हता. त्याच वर्षी फिनलंडच्या अभ्यासातही नुसत्या दुर्बिणीच्या तुलनेत हाड घासण्याचा खास फायदा दिसला नाही. म्हणून तुमच्यासारख्या खांद्याला हा पहिला उपाय नव्हे, हे मी ठामपणे सांगते.

मी अशा मुलांना आधी एकच विचारते, आठवड्याचं वेळापत्रक लिहून दाखव. सोमवारी चेस्ट, मंगळवारी शोल्डर, बुधवारी ट्रायसेप्स, असं दहापैकी आठांचं निघतं. कागदावर तीन वेगळे दिवस, पण बेंच प्रेसला खांद्याचा पुढचा भाग आणि तेच टेंडन राबतात, शोल्डर प्रेसला तेच, डिप्सलाही (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) तेच. म्हणजे सलग तीन दिवस टेंडनला सुट्टीच नाही. तुमचंही असंच असेल तर चेस्ट आणि शोल्डर यांच्यामध्ये किमान दोन दिवसांचं अंतर पाडा, मधे पाय आणि पाठ घ्या. एवढ्याने निम्मी गाडी रुळावर येते.

जिम सोडू नका. पूर्ण विश्रांतीने कळ उतरते, पण टेंडनची ताकदही उतरते. तीन आठवड्यांनी तुम्ही दुबळ्या झालेल्या टेंडनवर जुनेच ७० किलो टाकलेत, म्हणून त्याच रात्री दुखलं.

काही महिने काय बंद ठेवायचं : मानेमागून बार खाली आणायचा प्रेस, हनुवटीपर्यंत बार ओढायचा अपराइट रो, डिप्स, आणि हात फार लांब धरून मारलेला बेंच. त्याऐवजी जमिनीवर पाठ टेकून डंबेलचा प्रेस करा, कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा. जमीन लागते म्हणून कोपर फार खाली जात नाही आणि खांद्याचा पुढचा भाग ताणला जात नाही. वजन नेहमीच्या निम्म्याहून कमी. ढकलण्याच्या प्रत्येक व्यायामामागे ओढण्याचा एक घ्या, सीटेड रो (बसून दांडा पोटाकडे ओढणं) उत्तम. बेंचवर परताल तेव्हा पकड खांद्याच्या रुंदीच्या दीडपटीच्या आत राहू द्या.

टेंडनसाठी वेगळं. पहिले दोन आठवडे वर सांगितलेली चौकटीची क्रियाच व्यायाम म्हणून, मध्यम जोराने ३० ते ४५ सेकंद दाबून धरायचं, चार-पाच वेळा, दिवसातून एक-दोनदा. कित्येकांची कळ यानेच नरमते. मग रबर बँड घेऊन तीच हालचाल, कोपर आणि बरगड्यांच्या मधे गुंडाळलेला टॉवेल ठेवून. त्यानंतर एक-दोन किलोचं डंबेल घेऊन हात वर उचला, पण अगदी बाजूने उचलू नका. बाजूपासून साधारण ३० अंश पुढे, अंगठा वर. पाठीवरचं फऱ्याचं हाड त्याच दिशेला कललेलं असतं, म्हणून सांध्याला ती वाट सोयीची पडते. आठवड्यातून तीन दिवस, १२ ते १५ वेळा, तीन सेट.

दुखलं तर? थोडं दुखणार. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं चालेल, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आदल्या पातळीवर यायला हवं. सकाळी जास्त ठणकलं तर पुढच्या वेळी वजन कमी करा, व्यायाम थांबवू नका. स्नायूला रग लागणं वेगळं आणि खांद्यात कळ मारणं वेगळं, दीड वर्ष व्यायाम करणाऱ्याला हा फरक कळतो. जिमला जाण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन सेट मारणं मात्र कृपा करून टाळा. वजन जास्त झालं हे सांगणारी ती एकच खूण असते, तीच दाबली जाते.

झोपताना दुखरा खांदा वर येईल अशा कुशीवर झोपा आणि पोटाशी उशी घेऊन तो हात तिच्यावर टाका. झोप लागली की दिवसाचं दुखणंही कमी होतं.

टेंडन सावकाश सुधारतं. तीन महिने धरून चाला. सहा आठवडे नीट करूनही रात्रीचं दुखणं तसूभर कमी झालं नाही तर प्रत्यक्ष तपासून घ्या. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, व्यायाम सुरू करायला त्याचा उपयोग होतो, पण लगेच जड वजनाला हात घालू नका.

कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत वाढलेले लोक मला विचारतात, मुद्गल फिरवू का? मुद्गल मला मनापासून आवडतो, खांदा सगळ्या दिशांनी राबवणारा दुसरा इतका स्वस्त व्यायाम नाही. पण तो हेलकाव्याचा आहे, आणि हेलकावा दुखऱ्या टेंडनला अचानक ओढतो. डोक्यावर पाच किलो न दुखता जायला लागले की हलका मुद्गल घ्या.

प्रश्न : ताई, वय ५२, रत्नागिरी. आठ वर्षं मधुमेह आहे. मुलीच्या आग्रहाने घरी दोन-दोन किलोचे डंबेल सुरू केले. तीन महिन्यांत डावा खांदा इतका आखडला की वेणी घालता येत नाही, पाठीमागे हात जात नाही. व्यायामाने वाट लागली का? मुलगी स्वतःला दोष देतेय.

उत्तर : मुलीला सांगा, तिचा काही दोष नाही. दोन किलोंनी असा खांदा आखडत नाही. हे फ्रोझन शोल्डर असावं, आणि ते चाळिशी ते साठीच्या दरम्यान, मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना जास्त होतं. थायरॉइडच्या विकारातही दिसतं. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग आखडतं.

ओळखायची खूण अशी. आडव्या पडा, कोपर कमरेला टेकवून काटकोनात धरा आणि मुलीला तुमचा हात हलकेच बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्याने वळवूनही तो उजव्याच्या निम्म्यावर अडकत असेल तर तुमच्याकडे जोराची नाही, हालचालीची उणीव आहे. मग डंबेल तूर्त ठेवून द्या. गरम पाण्याने शेकून, झेपेल तेवढंच ताणा : टेबलावर हात ठेवून पुढे सरकवणं, काठी धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलणं. कुणाला जबरदस्तीने खेचू देऊ नका, जोरजोरात चोळूनही घेऊ नका, सुजेच्या काळात त्याने दुखणं चिघळतं. एकदा एक्स-रे काढा, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि थायरॉइड तपासा. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं तर सुरुवातीच्या काळात ते चांगलं काम करतं. मात्र काही दिवस रक्तातली साखर चढते, ती रोज मोजा. बरं व्हायला एक ते तीन वर्षंही लागतात, हे आधीच सांगून ठेवते. आणखी एक, हे सगळं वाचूनही चालताना-चढताना डावा खांदा भरून येत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करा. मधुमेहात ती टाळू नये.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे, मार्केट यार्डात हमाल आहेत. तीन आठवड्यांपूर्वी ५० किलोचं पोतं घेऊन पायरीवरून घसरले, हातावर पडले. खांदा दोन-चार दिवस खूप दुखला. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही म्हणून गोळ्या देऊन पाठवलं. आता दुखणं बरंच कमी आहे, पण हात खांद्यापर्यंतही उचलत नाही. 'दुखत नाही ना, मग येईल जोर' असं ते म्हणतात. कुठला व्यायाम द्यावा?

उत्तर : कुठलाच देऊ नका. या तीन पत्रांत मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या वडिलांची वाटते. दुखणं गेलं आणि जोर आला नाही, म्हणजे जोर दुखण्यामुळे अडलेला नव्हता. पडल्यामुळे टेंडन हाडापासून पूर्ण सुटलेलं असू शकतं, किंवा काखेजवळची नस दुखावलेली असू शकते. एक्स-रेमध्ये यांतलं काहीच दिसत नाही.

तुम्ही त्यांचा हात धरून सावकाश खांद्याच्या उंचीपर्यंत न्या. तुम्ही नेल्यावर तो सहज जातो, पण हलकेच सोडल्यावर तिथे टिकत नाही, खाली पडतो, असं दिसलं तर याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, लस टोचतात त्या जागी, स्पर्श बधिर लागतो का तेही बघा आणि डॉक्टरांना सांगा.

घाई का, ते सांगते. सुटलेलं टेंडन आत सरकत जातं आणि त्याच्या स्नायूत चरबी भरत जाते. मग शिवायला गेलं तरी ते हाडापर्यंत पोचत नाही, पोचलं तरी स्नायू पूर्वीसारखा काम करत नाही. अपघाताने सुटलेल्या टेंडनची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली तर निकाल चांगला येण्याची शक्यता जास्त. पहिल्या पत्रातल्या तरुणाला मी शस्त्रक्रियेपासून लांब राहायला सांगितलं, तुम्हाला सर्जनकडे पाठवतेय, कारण तिथे घासायचं हाड होतं आणि इथे शिवायचं टेंडन असू शकतं.

शस्त्रक्रिया झाली तर साधारण सहा आठवडे हात झोळीत राहील आणि पोती उचलायला सहा महिने किंवा जास्त लागतील. घरच्यांनी पैशांची तजवीज त्या हिशेबाने करायला हवी. वडील माथाडी मंडळात नोंदलेले असतील तर अपघाताची तारीख आणि जागा मंडळाच्या कार्यालयात लेखी नोंदवून ठेवा, टोळीतल्या ज्यांनी पडताना पाहिलं त्यांची नावंही द्या. आणि दाखवून येईपर्यंत त्यांना यार्डात पाठवू नका, दुसऱ्या खांद्यावर पोतं घेतो म्हणाले तरी.