वाचकांचे प्रश्न : दलदलीतले पक्षी, ऑर्क्नीचा रस्ता, समुद्राची भरती

प्रश्न : आमचा हौशी ऑर्केस्ट्रा फिनिश संगीतकार एइनोयुहानी राउतावारा यांची ‘कान्तुस आर्क्टिकुस’ ही पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांसोबत वाजवायची रचना बसवतोय. ध्वनिमुद्रित पक्षी आणि वादक यांचा मेळ बसत नाही. कधी पक्षी ऐकूच येत नाहीत, कधी फ्लूट त्यांच्याखाली दबतात. क्लिक ट्रॅक, म्हणजे वादकांच्या कानात ठेका देणारं ध्वनिमुद्रण, वापरावा का? (पुणे)

उत्तर : क्लिक ट्रॅक नको. १९७२च्या या रचनेतले पक्षी फिनलंडमध्ये, आर्क्टिक वृत्ताजवळ आणि लिमिन्काच्या दलदलीत ध्वनिमुद्रित केलेले आहेत. ते कुठल्याही ठेक्यात बांधलेले नाहीत. वादकांना क्लिक दिलात तर ऑर्केस्ट्रा ताठ होईल आणि पक्षी मात्र मोकळेच राहतील. ध्वनियंत्रणावर स्वरलिपी वाचता येणारा माणूस बसवा. त्याने कंडक्टरच्या हाताकडे पाहून ध्वनिमुद्रण सुरू करायचं.

सभागृहाच्या भिंतीवरचे स्पीकर बंद ठेवा. दोन स्पीकर रंगमंचावर, वादकांच्या मागे डावी-उजवीकडे, डोक्यांच्या वर येतील असे लावा, म्हणजे पक्षी वादकांमधूनच बोलतात. कंडक्टरला पक्षी नीट ऐकू यावेत म्हणून त्याच्याजवळ एक छोटा मॉनिटर स्पीकर हवाच. पहिल्या भागाची सुरुवात दोनच फ्लूट करतात, मग बाकीची सुषिर वाद्यं आणि पक्षी येतात आणि शेवटी तंतुवाद्यांची रुंद धून. या दोन टोकांना पक्ष्यांची एकच पातळी चालत नाही. नेमकी हीच तुमची अडचण दिसते. तीन-चार ठिकाणी पातळी स्वरलिपीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. ती सभागृहाच्या मध्यावर बसून ठरवा. भरलेलं सभागृह वरच्या पट्टीतले आवाज शोषून घेतं, म्हणून प्रयोगाच्या वेळी पक्षी किंचित वाढवावे लागतात.

दुसऱ्या भागातला चंडोल टेपचा वेग घटवून दोन सप्तकं खाली आणला आहे. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक उतरतो. दोन सप्तकांसाठी वेग पाव होतो आणि एकेक चिवचिवाट चौपट लांबतो. त्यातूनच तो भुताटकीचा पक्षी जन्मतो. संगणकावर कालावधी तोच ठेवून नुसती पट्टी उतरवलीत तर हे हाती लागणार नाही, तेव्हा पर्यायी ध्वनिमुद्रण करण्याच्या भानगडीत पडू नका.

तिसऱ्या भागात, म्हणजे हंसांच्या स्थलांतरात, वाद्यांचे चार गट एकमेकांपासून स्वतंत्र वाजतात. इथे हौशी वादक हमखास शेजारच्या गटाला कान देतात आणि नकळत एका लयीत येतात. मग सगळी वीण सपाट होते. चारही गटांची तालीम आधी वेगवेगळी घ्या आणि बसवतानाही त्यांच्यात थोडं अंतर ठेवा. शेवटी सगळा आवाज दूर विरत जातो. तिथे ध्वनियंत्रकाने घड्याळ न पाहता कंडक्टरच्या हाताबरोबर आवाज उतरवावा.

प्रश्न : ब्रिटिश संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांचं ‘फेअरवेल टू स्ट्रोमनेस’ पियानोवर शिकतोय. स्वर सोपे आहेत, पण वाजवताना निव्वळ गोड वाटतं. (नाशिक)

उत्तर : गोडच वाटत असेल तर डावा हात तपासा. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्क्नी बेटांवर, स्ट्रोमनेस गावाजवळ युरेनियमची खाण काढायचा बेत होता. त्याविरुद्ध १९८०मध्ये केलेल्या ‘द येलो केक रेव्ह्यू’ या कार्यक्रमातला हा तुकडा आहे. खाण पुढे झाली नाही. पण ती झाली असती तर घरदार सोडून निघावं लागलं असतं, त्या गावकऱ्यांची चाल डाव्या हातात आहे, म्हणून ती ढळता कामा नये. आठवडाभर फक्त डावा हात वाजवा, ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर, पेडलशिवाय, बोटांनीच स्वर जोडत. नंतर पेडल घ्या, पण स्वरसंगती बदलेल तिथे ते बदला. ते दाबून धरलं की खर्ज गढूळ होतो आणि पावलं दिसेनाशी होतात.

उजव्या हातात स्कॉटिश धाटणीची झटका देणारी लय आहे. आखूड स्वर आधी, तोही मात्रेवर, आणि लांब स्वर नंतर. बरेच विद्यार्थी हे उलटं वाजवतात किंवा दोन्ही स्वर सारखे करतात. आधी तोंडाने ‘तक्-काऽऽ’ म्हणा, मग वाजवा. मधल्या भागात आवाज चढतो तेव्हा लय चढवू नका. तिथला निर्धार पावलं तशीच पडत राहण्यात आहे.

प्रश्न : अमेरिकन संगीतकार जॉन लूथर ॲडम्स यांची ‘बिकम ओशन’ ही ऑर्केस्ट्रासाठीची रचना मोबाइलवर ऐकली. पाऊण तास काहीच घडत नाही. (ठाणे)

उत्तर : मोबाइलच्या स्पीकरला खर्ज जवळजवळ नसतोच आणि ही रचना खर्जावर उभी आहे. चांगले हेडफोन लावा. सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग आधी शोधा आणि आवाज त्यावर बेताचा ठेवा. सुरुवातीच्या हळू स्वरांवर ठरवलात तर पुढे कान फुटतील. वाद्यवृंदाचे तीन गट आहेत आणि प्रत्येकाच्या आवाजाची भरती-ओहोटी वेगळ्या लांबीची आहे. तिन्हींची भरती फक्त तीनदा एकत्र येते. मध्यानंतर संगीत उलट्या क्रमाने परत जातं. सुरावट शोधू नका. कुठला गट चढतोय आणि कुठला ओसरतोय, एवढंच धरून बसा. आधी फक्त पितळी वाद्यांचा पाठलाग करा, ती सर्वांत लवकर ओळखू येतात.