फी, वेळ आणि सीमा

प्रिय,

थेरपीला येणाऱ्या क्लायंटच्या स्वप्नात आपण वरचेवर येऊ लागलो तर काय करायचं, असं तू विचारलंस. फीबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला आधी त्यावरच बोलायचंय.

साबिना श्पीलराइन ही तरुणी १९०४ मध्ये झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात दाखल झाली. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग तिचे डॉक्टर. पुढे नात्यानं वेगळं वळण घेतलं. १९०९ च्या सुमारास प्रकरण तिच्या आईपर्यंत पोहोचलं, तेव्हा युंगनी आईला जे लिहिलं ते अजूनही वाचवत नाही. त्यांचं म्हणणं असं: मी फी घेत नव्हतो, म्हणून डॉक्टरचा मित्र होणं सोपं गेलं. मर्यादा पाळायला हवी असेल तर फी द्या, दर भेटीला १० फ्रँक. फी हे कुंपण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी कुंपण नसल्याचा दोष त्यांनी समोरच्यांवर ढकलला.

म्हणून फी घे. परवडत नसेल त्याला सवलत दे, पण ती पहिल्याच भेटीत ठरव. फुकट दिलेल्या तासाचं ओझं माणूस कुठल्या ना कुठल्या रूपात फेडायला बघतोच.

आपल्या युंगवादी पंथाचा खरा धोका मला आणखी एका जागी दिसतो. साबिनाला युंगपासून मूल हवं होतं आणि त्या मनातल्या मुलाला तिनं जर्मन दंतकथेतल्या वीर सीगफ्रीडचं नाव दिलं होतं. अशी भव्य प्रतिमा समोर आली की आपणही भारावतो. मग ‘ॲनिमा (पुरुषाच्या मनातली स्त्री-प्रतिमा) जागी झाली’, ‘नियतीनंच गाठ घातली’ असली वाक्यं सुचू लागतात. तुला सुचली तर तीच गोष्ट साध्या मराठीत म्हणून बघ: मला ही व्यक्ती आवडू लागलीये. आणि त्याच आठवड्यात सुपरव्हायझरला, म्हणजे तुझ्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टला, सांग. तू स्वप्नात दिसतोस हे ट्रान्सफरन्समध्ये, म्हणजे क्लायंट जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टवर लादतो तेव्हा, चालायचंच. त्यानं तुला सुखावल्यासारखं वाटतंय का, ते बघ. विश्लेषकाचं स्वतःचं विश्लेषण झालंच पाहिजे हा आग्रहही युंगच्या झुरिक गटाचाच. १९१२ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी त्याचं श्रेय या गटाला दिलं.

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर स्वप्न आलं तर ‘वाचलं, सेशनला बोलू’ एवढंच लिही. अर्थ लावत बसू नकोस.

आणि व्याख्यानात कुणाचं स्वप्न सांगायचं असेल तर लेखी परवानगी घे. नाव बदलून भागत नाही. आजोळच्या विहिरीचं वर्णन ऐकून सभागृहातली मावसबहीण माणूस ओळखते.

तुझी,
ताई