इंग्रजीत 'आय अ‍ॅम नोइंग' का चालत नाही? अशी क्रियापदं ओळखायची कशी?

ज्या इंग्रजी क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही, त्यांची यादी पाठ होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पाठ करूच नका. नो, वॉन्ट, बिलाँग, कन्टेन, सीम... यादी लांबत जाते आणि ऐन बोलताना आठवत नाही. मी शिकवताना मुलांना आधी मराठी वाक्याकडे बघायला सांगतो.

'मला माहीत आहे', 'मला हवंय', 'मला आठवतंय', 'मला दोन भाऊ आहेत'. यात कुणी काही करत नाहीये, नुसती स्थिती आहे. असा 'मला' आला की इंग्रजी क्रियापदाला बहुतेक वेळा आयएनजी लागत नाही: आय नो, आय वॉन्ट, आय रिमेंबर, आय हॅव टू ब्रदर्स.

आपली गाडी खरी अडते ती 'दिसतंय', 'समजतंय' इथे. मराठीत हे 'तंय' इतकं सहज येतं की तोंडून 'आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग' निघून जातं. तिथे 'आय डोन्ट अंडरस्टँड' हवं. 'मला फळा दिसत नाहीये' म्हणजे 'आय कान्ट सी द बोर्ड'. फोनवरचं 'ऐकू येतंय का?' म्हणजे 'कॅन यू हिअर मी?' दिसणं आणि ऐकू येणं यांच्यासोबत इंग्रजीत 'कॅन' फार वापरतात, एवढं लक्षात ठेवलंत तरी बोलणं पुष्कळ सुधारेल.

आता गंमत बघा. 'मला वाटतं' म्हणजे 'आय थिंक', पण 'मी विचार करतोय' म्हणजे 'आय अ‍ॅम थिंकिंग'. आमटी खारट लागतेय, तर 'इट टेस्ट्स सॉल्टी'. आई चव बघतेय, तर 'शी इज टेस्टिंग इट'. गोणीचं वजन ५० किलो आहे, तिथे 'वेज'. दुकानदार ती तोलतोय, तिथे 'इज वेइंग'. क्रियापद तेच, पण दुसऱ्या वाक्यात माणूस काहीतरी करतोय.

ही खूण सगळीकडे लागू पडत नाही. 'मी त्याला २०१५ पासून ओळखतो' यात 'मी' आहे, तरी 'आय हॅव नोन हिम सिन्स २०१५' असंच म्हणायचं. 'हॅव बीन नोइंग' कधीच नाही. 'फील' दोन्हीकडे चालतं: 'आय फील टायर्ड' आणि 'आय अ‍ॅम फीलिंग टायर्ड', दोन्ही बरोबर.

राहिलं तुम्ही विचारलेलं मॅकडॉनल्ड्सचं 'आय'म लव्हिंग इट'. २००३ पासूनची ही जाहिरातीची ओळ आहे. आत्ता, या क्षणी मजा येतेय असं सांगायला बोलण्यात ते चालतं. परीक्षेच्या पेपरात मात्र 'आय लव्ह इट' लिहा.