घरात टीबी निघालाय, आता बाकीच्यांचं काय?

गेल्या महिन्यात या सदरात टीबीच्या गोळ्या मधेच का सोडायच्या नाहीत ते लिहिलं होतं. त्यावर जे मेसेज आणि पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त पेशंटची नाहीतच, घरच्यांची आहेत, कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचा रूम पार्टनर. म्हणून यावेळी फक्त तेच प्रश्न घेते. नावं काढलीयत आणि पत्रं थोडी छोटी केलीयत.

प्रश्न : मॅडम, माझ्या मिस्टरांना छातीचा टीबी निघाला, थुंकीत जंतू सापडलेत. दोन महिने खोकत होते, आम्हाला वाटलं तंबाखूचा खोकला. गोळ्या सुरू होऊन नऊ दिवस झाले. आमच्या दोनच खोल्या आहेत, सासूबाई, मी, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. मी त्यांचं ताट-तांब्या-अंथरूण सगळं वेगळं केलंय, कपडे उकळून धुते. सासूबाई म्हणतात मुलांना सहा महिने तुझ्या माहेरी ठेव. त्यात आशाताई येऊन सांगून गेल्या की मुलाला रोज गोळी द्यायची. तो तर उड्या मारतोय, त्याला काहीच झालेलं नाही, चांगल्या पोराला टीबीची गोळी कशाला?
– बार्शी तालुक्यातून एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मला एक घर आठवलं. मी तालुक्याच्या ठिकाणी काम करायचे तेव्हा पेशंटच्या घरी जाणं व्हायचं. त्या घरात पेशंटच्या स्टीलच्या ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेला, चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. सुनेने ते ताट माझ्यासमोर उकळत्या पाण्यात टाकलं. आणि ज्या खोलीत पेशंट आणि दोन मुलं झोपायची त्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता, गार वारं लागून खोकला वाढतो म्हणून. म्हणजे मेहनत त्या बाईने कमी केली नव्हती हो, पण सगळी मेहनत ताटावर गेली आणि जंतू होता हवेत.

टीबी ताटातून, तांब्यातून, कपड्यांतून, हात लावल्याने पसरत नाही. छातीचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा अगदी बारीक थेंब हवेत जातात आणि बंद खोलीत ते कितीतरी वेळ तरंगत राहतात, तीच हवा बाकीचे श्वासात घेतात. म्हणून कपडे उकळायचं आजपासून बंद करा, साध्या साबणाने धुवा, ताट सगळ्यांसोबत घासा. त्याऐवजी खिडकी दार उघडं, समोरासमोर दोन उघडी असतील तर फारच छान, दिवसा ऊन आत येऊ द्या, झोपताना मिस्टरांची जागा खिडकीजवळ आणि मुलांची दुसऱ्या खोलीत. त्यांनी घरात तोंडाला मास्क नाहीतर निदान दुहेरी रुमाल बांधायचा आणि बेडका झाकणाच्या डब्यात टाकायचा. औषध लागू पडत असेल तर पसरवण्याची ताकद पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने उतरते, आम्ही सावधगिरी म्हणून निदान दोन आठवडे धरतो. फक्त एक विचारून घ्या, थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही मशीनवरची तपासणी झाली का आणि त्यात रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स नाही ना, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतोय ना. तो असेल तर नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत आणि मग दोन आठवड्यांचा हिशोब चालत नाही.

आता मुलांना माहेरी पाठवायचं का. इथे एक जुनी गोष्ट सांगते, मला ती फार महत्त्वाची वाटते. १९५६ च्या सुमारास मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेव्हा टीबी म्हटलं की सॅनेटोरियम, म्हणजे टीबीच्या पेशंटना महिनोन्महिने ठेवायचं इस्पितळ, आपल्याकडे लोक मिरजेला जायचे तसं. मद्रासच्या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, अर्धे वर्षभर सॅनेटोरियममध्ये आणि अर्धे स्वतःच्याच घरी राहून गोळ्या घेणार. १९५९ मध्ये निकाल छापून आले, घरच्या गोळ्यांनी पेशंट जवळपास तितकेच बरे झाले होते. आणि घरच्यांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर पेशंट घरात असलेल्या कुटुंबांत टीबी जास्त निघाला असं झालं नाही. कारण काय, तर जो संसर्ग व्हायचा तो बहुतेक गोळ्या सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेला असतो. तुमच्या घरात ते दोन महिने खोकत होते ना, तंबाखूचा खोकला समजून? धोका तेव्हाचा आहे. आज मुलांना माहेरी पाठवून ते दोन महिने परत येत नाहीत, उलट मुलांची तपासणी राहते, गोळी राहते आणि घरात आजारी माणसाला वाटतं मी नकोसा झालोय.

म्हणूनच ती गोळी. बघा, जंतू अंगात शिरणं वेगळं आणि टीबी होणं वेगळं. पेशंटसोबत राहणाऱ्यांची तपासणी केली तर आपल्यासारख्या देशांत साधारण निम्म्या लोकांच्या अंगात जंतू शिरलेला सापडतो, पण प्रत्यक्ष आजार शंभरात तीनेक जणांनाच त्यावेळी असतो. बाकीच्यांमध्ये जंतू झोपलेला असतो, त्यांना त्रास नाही आणि त्यांच्यापासून कुणाला लागणही नाही, त्यामुळे मुलीची शाळा बंद करायची अजिबात गरज नाही. पण अशा शंभर मोठ्या माणसांतल्या पाच ते दहा जणांमध्ये तो आयुष्यात कधीतरी जागा होतो, आणि त्यातला जवळपास निम्मा धोका पहिल्या दोन वर्षांतला. पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये तो याहून बराच जास्त आणि लवकर जागा होतो, कधीकधी थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. तुमचा मुलगा उड्या मारतोय हीच गोळी द्यायची योग्य वेळ आहे, ताई. आजारी पडल्यावर एका गोळीचं काम चार औषधांवर जातं.

फक्त क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी डॉक्टरांनी बघायचं की आजार आत्ताच नाहीये ना, ताप, खोकला, वजन वाढत नाही, मूल मलूल आहे, मानेत गाठ, असं काही. आजार असताना प्रतिबंधाची एकटी गोळी दिली तर जंतू त्या औषधाला सरावतो. आजार नाही हे ठरलं की वजनाप्रमाणे आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा जिथे मिळतं तिथे तेच औषध रिफापेंटिन या दुसऱ्या औषधासोबत, आठवड्यातून एकदा असे बारा डोस. २०२१ पासून आपल्याकडे हे फक्त पाच वर्षांच्या आतल्यांना नाही, घरातल्या सगळ्यांना द्यायचं ठरलंय, म्हणजे मुलगी, सासूबाई आणि तुम्हीसुद्धा. मोठ्यांचा छातीचा एक्स-रे करतात आणि सोय असेल तिथे जंतू शिरलाय का ते बघायला हातावरची सुई किंवा रक्ताची टेस्ट. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे. गोळी चालू असताना भूक मेली, सारख्या उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, तुम्ही स्वतः काय जेवता. मिस्टरांना अंडी चालू केलीत, मुलांना दूध देता असं लिहिलंय, पण तुमच्याबद्दल एक ओळ नाही. बहुतेक घरांत बाई शेवटी बसते आणि उरलेलं खाते, हे मला माहितीये. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्या दहा हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आले. पेशंटला रेशन सगळीकडेच दिलं, पण काही ठिकाणी घरच्या प्रत्येक माणसालाही महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरांमध्ये टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. तांदूळ आणि डाळ हो, काही महागडं टॉनिक नाही. मिस्टरांचं नाव निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंदवलं असेल तर त्यांच्या खात्यात महिन्याला १००० रुपये येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० झालेत, आले नसतील तर आशाताईंकडून बँक खात्याचं बघून घ्या. आणि जेवायला सगळ्यांसोबत बसा, वरण संपायच्या आत.

प्रश्न : माझ्या मानेत गाठ होती, सुईने तपासली, टीबी म्हणाले. होस्टेलच्या मुली माझ्या बेडवर बसत नाहीत, वॉर्डन म्हणतात घरी जा. खोकला नाही, एक्स-रे नॉर्मल आहे. माझ्यामुळे कुणाला होईल का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही होणार. गाठीतला जंतू हवेत येत नाही, तुझी छाती साफ आहे म्हणजे तुझ्यापासून रूममधल्या कुणालाही धोका नाही. डॉक्टरांकडून हे एका कागदावर लिहून घे, शिक्क्यासकट, आणि वॉर्डनला दे, तोंडी सांगितलेलं लोक ऐकत नाहीत. गोळ्या पूर्ण कर आणि होस्टेल सोडू नकोस. उलटा प्रश्न मात्र विचारायला हवा, तुला कुणाकडून आला? गेल्या दोनेक वर्षांत घरात, शेजारी, क्लासमध्ये कुणी खूप दिवस खोकत होतं का आठव आणि त्यांना तपासायला सांग.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला आलीय. आठव्या महिन्यात तिला छातीचा टीबी निघाला, गोळ्या चालू आहेत. बाळ बारा दिवसांचं आहे. सगळे म्हणतात अंगावरचं दूध बंद करा, बाळ वेगळं ठेवा. मला काही सुचत नाही.
– एक आजी, कुडाळ

उत्तर : आजी, अंगावरचं दूध बंद करू नका. दुधातून टीबी जात नाही. औषधाचा थोडा अंश दुधात उतरतो, त्याने बाळाला अपाय नाही, पण तेवढ्याने बाळाचं रक्षणही होत नाही हे लक्षात ठेवा. मुलीने बाळाला घेताना, पाजताना मास्क लावायचा, खोकला आला तर तोंड फिरवायचं, आणि बाळंतिणीची खोली म्हणून जी दारं खिडक्या बंद करून धुरी देतो ना आपण, ती कृपा करून यावेळी करू नका. बाळंतिणीला ऊब कपड्यांनी द्या, खोलीत हवा खेळू द्या.

बाळाला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आईचे सगळे रिपोर्ट सोबत घेऊन. हे मी जोर देऊन सांगतेय, कारण एवढ्या लहान बाळांत जंतू शिरला आणि काहीच उपचार झाला नाही तर पन्नास टक्क्यांपर्यंत बाळांना आजार होतो. आजार नाही असं दिसलं की बाळाला प्रतिबंधाचं औषध सुरू होईल. टीबीची बीसीजी लस दिली नसेल तर ती कधी द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या, कारण हे औषध लशीतल्या जंतूलाही मारतं, म्हणून बऱ्याचदा लस औषधाचा कोर्स संपल्यावर देतात. लस दिली असेल तर चांगलंच, लहान मुलांच्या मेंदूच्या टीबीपासून ती बरंच वाचवते, पण लस झाली म्हणून औषध नको असं नाही.

प्रश्न : आम्ही चाकणला एमआयडीसीत आहोत, एका रूमवर पाच जण. एकाला टीबी निघाला, २२ दिवस झाले गोळ्या चालू आहेत, रेझिस्टन्स नाही असा रिपोर्ट आहे. बाकीचे म्हणतात त्याला गावाला पाठव. सध्या तो वरच्या जिन्यात झोपतो. आमच्यातल्या एकाला शुगर आहे. आम्हाला कुणालाच खोकला नाही तरी तपासायचं का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : हो दादा, चौघांनीही. टीबीच्या हिशोबात घरचे म्हणजे फक्त नातेवाईक नाहीत, जो रात्र रात्र त्याच बंद खोलीत झोपला तो घरचाच. खोकला नाही म्हणून थांबू नका, २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जो टीबी सर्व्हे झाला त्यात सापडलेल्या पेशंटपैकी जवळपास ४३ टक्के फक्त एक्स-रेमुळे सापडले, लक्षणं विचारून ते सुटलेच असते. शुगर असलेल्या मित्राला धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट, त्याने शुगर पण तपासून घ्यायची आणि ती आटोक्यात आणायची. शिफ्ट सांभाळून दोघे दोघे जा, कुठे जायचं कळत नसेल तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा फ्री नंबर आहे, जवळचं केंद्र सांगतात.

त्याला गावाला पाठवू नका. जायचंच असेल तर त्याची नोंदणी गावच्या केंद्रात ट्रान्सफर होते, पण ते त्याच्या मर्जीने आणि केंद्राला सांगून. असं हाकलून दिलेला माणूस पहिल्यांदा काय सोडतो तर गोळ्या, आणि मधेच सुटलेल्या गोळ्यांतून जो रेझिस्टन्स तयार होतो तो त्यालाही भारी पडतो आणि पुढे त्याच्याजवळ राहणाऱ्यांनाही. २२ दिवस तो नियमित गोळ्या घेतोय, औषध लागू पडणारं आहे, आता तुम्हाला त्याच्यापासूनचा धोका फारच थोडा उरलाय. जो होता तो तो खोकत होता आणि तुम्ही पाचही जण दार लावून झोपत होतात तेव्हाचा, त्यासाठीच तर तुमची तपासणी. त्याला आज रात्रीच जिन्यातून आत बोलवा, खिडकीखालची जागा द्या आणि खिडकी उघडी राहील असं बघा, डास येत असतील तर जाळी लावून घ्या.