जुनी विज्ञानकथा मासिकं: सुरुवात कुठून?

एकदम १९२६च्या 'अमेझिंग स्टोरीज'च्या मागे लागू नका. निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक म्हणून त्याला मान आहेच, पण त्यातल्या बऱ्याच कथा आज वाचताना दमछाक होते. त्यापेक्षा 'गॅलक्सी'चे १९५०च्या दशकातले अंक घ्या. संपादक हॉरेस गोल्ड यांचा भर यंत्रांपेक्षा माणसांवर आणि समाजावर होता, म्हणून ते अजून ताजे वाटतात.

अंक घेण्याआधी अनुक्रमणिका बघा. कादंबऱ्या क्रमशः यायच्या, बऱ्याचदा तीन भागांत. मी एकदा हौसेने पहिला आणि तिसरा भाग घेऊन बसलो होतो! 'अस्टाउंडिंग' या मासिकाचा अंक मिळाला तर 'ब्रास टॅक्स' हे वाचकपत्रांचं सदर चुकवू नका. कधीकधी कथेपेक्षा भांडणंच रंगतात.

या मासिकांच्या पल्प कागदात, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात, आम्ल असतं. तो पिवळा पडतो, कडांचा चुरा होतो. अंक सपाट उलगडू नका, जुन्या पेपरबॅकचा तर कणाच तडकतो. त्यात आपला पावसाळा, तेव्हा कपाटात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. रोजच्या वाचनाला इंटरनेट आर्काइव्हवरचे स्कॅन बरे.

आणि रद्दीत 'एस डबल' दिसलं तर घासाघीस न करता उचला. एकाच पुस्तकात दोन कादंबऱ्या, एक सुलटी, एक उलटी. मुखपृष्ठं दोन, मलपृष्ठ नाहीच.