हरणाऱ्याच्या हाती काय उरतं?

इंदूर

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझा लिबियावरचा खर्डा वाचला. मेहनत दिसते. पण ‘आंतरराष्ट्रीय समुदायाने निवडणुकीला पाठबळ द्यावे’ हे वाक्य पानोपानी आलंय आणि पाठबळ म्हणजे नेमकं काय, ते कुठेच नाही.

नेहरू स्टेडियमवरून मतदानाचं साहित्य घेऊन निघालेल्या मास्तर-बाबूंची धांदल तू पाहिली आहेस. शाई, सील, पाकिटं, फॉर्म, बस कुठे लागलीय याची शोधाशोध. हे सगळं पैसा आणि माणसं दिली की परदेशातही उभं राहतं. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन 1953 साली सुदानात जाऊन निवडणूक घडवून आले. मतदान झालं, आणि 1955 मध्ये दक्षिणेत बंड पेटलंच. तेव्हा तू आधी हे विचार, की हरणारा निकाल का मानेल?

अंगोला आणि मोझांबिक शेजारी ठेवून वाच. दोन्ही पोर्तुगालच्या वसाहती, दोन्ही 1975 ला स्वतंत्र, दोन्हीकडे यादवी. अंगोलात सप्टेंबर 1992 मध्ये मतदान झालं तेव्हा जुन्या फौजा बऱ्याच अंशी शाबूत होत्या आणि संयुक्त राष्ट्रांची माणसं देशाच्या मानाने मूठभर. सत्तेतले राष्ट्राध्यक्ष दुश सांतुश यांना 49.57 टक्के मिळाले, बंडखोरांचे नेते साविंबींना 40.07. दुसरी फेरी व्हायची होती. साविंबी ती हरले तर हाती शून्य, आणि बंदुका तर होत्याच. ते पुन्हा रानात गेले. युद्ध संपलं ते 2002 मध्ये, साविंबी मारले गेल्यावर.

मोझांबिकचा सरकार आणि बंडखोरांमधला शांतता करार ऑक्टोबर 1992 चा, रोमचा. अंगोला डोळ्यांसमोर होतं, म्हणून तिथे निवडणूक एक वर्ष पुढे ढकलून आधी सैनिक घरी पाठवले. संयुक्त राष्ट्रांचे इटालियन दूत आल्दो अजेल्लो यांनी आणखी एक गोष्ट केली, जी सभ्य लोकांना खटकते: बंडखोर रेनामोला पक्ष चालवायला रीतसर निधी उभा करून दिला. बंडखोरांना दफ्तर, गाडी, पगार! मला विचारशील तर सगळ्या शांतिमोहिमेत हा सर्वांत स्वस्त खर्च. 1994 मध्ये रेनामो हरली, पण 250 पैकी 112 जागा घेऊन संसदेत बसली.

आता लिबिया. नोव्हेंबर 2020 मध्ये ट्युनिसला लिबियातल्या गटांची बोलणी पुरी व्हायच्या आधीच निवडणुकीचा मुहूर्त काढला: 24 डिसेंबर 2021. दूतांना तारीख आवडते, कारण ती मायदेशी दाखवता येते. सुमारे 28 लाख मतदारांची नोंदणीही झाली. पण उभं कोणी राहायचं, यावर एकमत नव्हतं. गद्दाफीचा मुलगा, पूर्वेचे सेनापती हफ्तार, आणि उभा राहणार नाही म्हणालेले पंतप्रधान दबैबा, सगळे रिंगणात. उमेदवारांची अंतिम यादी लागलीच नाही, आणि ठरल्या दिवशी मतदानही झालं नाही. तुझ्या खर्ड्यात यावर दोन ओळी आहेत, मतदार नोंदणीवर तीन पानं. उलट कर.

आणि हफ्तारच्या मागे कोणकोणते देश, त्रिपोलीतल्या सरकारच्या मागे कोण, तेही लिही. लिबियावरच्या बर्लिन परिषदेत शस्त्रबंदी पाळू म्हणणाऱ्यांतच शस्त्रं पाठवणारे होते.

पुढचा खर्डा मोबाईलवर पाठवू नकोस, छापून आण. सकाळी दहानंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका